बॉडी उचलली, रेडिएटरचे काय?

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गाड्यांच्या कामावर पोट असणारे आमचे बांधव किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. कोणी वेल्डर, कोणी डेंटर, कोणी रेडिएटरवाला, कोणी बॉडी बांधणारा. हातात हुनर आहे, मेहनतीला कोणी मागे नाही. तरीही धंद्याचे नाव कधी कधी खराब होते. ते कसे होते याचा एक अनुभव आम्हाला आला. आमचा धंदा कापडाचा. यंत्रातले आम्हाला काही कळत नव्हते. जे कळले ते नुकसान सोसून कळले, म्हणून हे लिहीत आहोत.

माल आणण्यासाठी आमची एक पिकअप आहे. चाकण-तळेगाव रस्त्यावरचे खड्डे आणि पावसाळ्यात गोदामापुढे साचणारे पाणी यांना कंटाळून ड्रायव्हरने लकडा लावला, ‘शेठ, गाडी उचलून घेऊ, मोठे टायर टाकू.’ आम्ही हो म्हटले. गॅरेजमध्ये चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये तीन इंची ठोकळे घालून बॉडी वर घेतली गेली. मिस्त्रीने जो आकडा सांगितला तो आम्ही बाजाराच्या सवयीने घासून घासून खाली आणला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्यात आमचाही वाटा आहे.

२०२३ चा रमजान. ईदला आठवडा उरला होता. भिवंडीहून कापडाच्या गाठी भरून गाडी निघाली आणि खोपोली सोडून बोरघाट चढताना इंजिन उकळले. ड्रायव्हर रोजेदार, वर एप्रिलचे ऊन. थांबत थांबत गाडी पुढे रेटली ती आणखी चुकीची गोष्ट झाली. हेड वाकले, गॅस्केट गेले. दुसरी गाडी करून माल दुकानात पोहोचेपर्यंत दोन दिवस गेले. ईदच्या आधीचे दोन दिवस म्हणजे काय, हे कापडवाल्याला विचारावे.

भोसरीच्या एका वयस्कर मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि एका नजरेत दुखणे ओळखले. ते म्हणाले, ‘गाडी वर गेली, इंजिन कुठे वर गेले?’ सगळी गोम या एका वाक्यात आहे. इंजिन चेसिसवर असते. जुन्या धाटणीच्या डिझेल गाडीत पंखाही इंजिनाच्याच तोंडावर असतो. आमच्या पिकअपचा रेडिएटर मात्र बॉडीच्या पुढच्या चौकटीत बसवलेला. बॉडी तीन इंच वर गेली, तिच्याबरोबर रेडिएटर आणि पंख्याभोवतीचे कव्हरही तीन इंच वर गेले. पंखा जिथल्या तिथे राहिला. त्याची पाती कव्हराच्या खालच्या कडेला घासू लागली, तेव्हा पहिल्या गॅरेजवाल्याने काय करावे? कव्हराची खालची बाजू कापून टाकली! आवाज बंद झाला, गिऱ्हाईक खूश.

पण ते कव्हर शोभेसाठी नसते. पंख्याने हवा जाळीतूनच ओढावी, आजूबाजूची ओढू नये, यासाठी ते असते. कव्हर कापले की पंखा इंजिनाकडची तापलेली हवाच पुन्हा फिरवत बसतो. सपाट रस्त्यावर वेगात जाताना समोरचा वारा जाळीत घुसतो, त्यामुळे दोष झाकला जातो. भरलेली गाडी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढू लागली की सारी मदार पंख्यावर, आणि तिथेच तो कमी पडतो. म्हणून चाकणात चालवून पाहिलेली गाडी घाटात दगा देते.

इलाज अवघड नाही. बॉडी जितकी वर, रेडिएटर तितकाच खाली. त्यासाठी पट्टीचे ब्रॅकेट बनवायचे, मूळचे रबर बुश तेच ठेवायचे, आणि ठोकळे घालण्याआधी पंख्याची पाती कव्हरापासून वर, खाली, दोन्ही बाजूंना किती दूर आहेत ते मोजून लिहून ठेवायचे. काम झाल्यावर तेच माप पुन्हा मिळाले पाहिजे. माप मिळाले तर रेडिएटर आणि इंजिन यांचे नाते कारखान्यात होते तेच राहते, होज पाइपही बदलावे लागत नाहीत. पाण्याची जादा टाकी बॉडीवर असेल तर तिची नळी मात्र लांब घ्यावी लागते. एसी असेल तर त्याच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, तेही पाहावे. ज्या मोठ्या ट्रकांचा रेडिएटर चेसिसवरच बसवलेला असतो तिथे हा प्रश्न निराळा. ज्या गाडीचा विजेचा पंखा रेडिएटरलाच जोडलेला असतो तिथे पंखा बरोबर जातो, ओढ होज पाइपांवर येते. म्हणजे आधी पाहायचे, मग हात लावायचा.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला माल ओला निघाला, ही हकीकत आमच्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. ओले धान्य वर का ठेवले नाही, हा त्यांचा सवाल होता. कापडाच्या ताक्यात विणीचा दोष असला तर त्या जागी काठाला दोरा बांधतात. गिऱ्हाईक पाहते, सूट मागते, सौदा होतो. कापलेले कव्हर म्हणजे ढिगातले ओले धान्यच. ‘एवढ्या पैशांत रेडिएटर हलवता येणार नाही, आणि तो हलवल्याशिवाय मी बॉडी उचलणार नाही’ असे मिस्त्रीने आम्हाला तोंडावर सांगायला हवे होते. आम्ही कदाचित उठून दुसऱ्या गॅरेजात गेलो असतो. तरीही सांगायला हवे होते.

दुसरी गोष्टही आम्हाला कोणी सांगितली नाही, ती कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ जे तपशील दिले त्यांच्याशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयते कारण. तेव्हा रस्त्यावर माल वाहणाऱ्या गाडीची बॉडी उचलूच नये, असे आमचे मत झाले आहे. दगडखाणीत किंवा खाजगी आवारात चालणाऱ्या गाडीचे काम आले तरी कागद पाहावेत, आरटीओत विचारावे, मग घ्यावे.

या कामाचे महत्त्व आता वाढतच जाणार. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. एसीची जाळी बहुधा रेडिएटरच्या पुढेच असते, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. तिथे अंदाजाने केलेले काम खपणार नाही. तांब्या-पितळेच्या जाळीला कथलाचा टाका मारणाऱ्या उस्तादांचे काम ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या टाक्यांनी आधीच कमी केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत महापालिकेने शेड पाडल्या, त्यात कित्येकांचा जमलेला धंदा उठला. अशा दिवसांत कारागिराजवळ उरते ते त्याचे नाव.

आमच्या पिकअपचे म्हणाल तर भोसरीच्या मिस्त्रींनी रेडिएटर तीन इंच खाली घेऊन, नवे कव्हर घालून ती चालू करून दिली. बिलावर प्रत्येक काम वेगळे लिहिले. पुढे कायद्याचे कळल्यावर आम्ही त्यांच्याकडूनच ठोकळे काढून घेतले आणि रेडिएटर मूळ जागी आणला. ते ब्रॅकेट अजून गोदामात पडून आहेत. कोणा कारागीर बांधवाला नमुना पाहायचा असेल तर जुमा सोडून कोणत्याही दिवशी यावे.