वीजबिलाचा ताळा

पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ सालीं सुरू झाल्यापासून आमच्या जालना जिल्ह्यांत छपरावरील सौर पॅनेलांचीं पत्रकें फिरूं लागलीं. 'दरमहा अमुक रुपये वांचतील' हा त्यांतील आंकडा स्वतःच्या बिलांशीं ताडून पाहिल्याखेरीज कोणींही कर्जाच्या कागदावर सही करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अशा हिशेबांत एकूण बिलास युनिटांनीं भागून सरासरी दर काढितात. परंतु महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनीं चढतो : पहिलीं १०० युनिटें एका दरानें, १०१ ते ३०० त्याहून चढ्या दरानें, पुढील आणखी चढ्या दरानें. ४०० युनिटें वापरणाऱ्या घरीं २०० वांचलीं, तर वरचीं महाग युनिटें आधीं सुटतात. ९० युनिटें वापरणाऱ्याची सर्व बचत स्वस्त दराचीच असते. तेव्हां शेजाऱ्याचा आंकडा आपणांस लागू पडत नाहीं.

शिवाय वीज आकारासोबत वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क असतें. स्थिर आकार तर पॅनेल बसविल्यावरही सुटत नाहीं. हे बाजूस ठेवून केलेली तुलना म्हणजे सारा सांगून उपकर झांकणें होय.

म्हणून बारा महिन्यांचीं बिलें जुळवावीं, टप्पेवार बचत मांडावी व तिच्यासमोर कर्जाचा हप्ता लिहावा. विक्रेता लेखी हिशेब देण्यास कां कूं करील, तर त्यांतच उत्तर मिळालें असें समजावें.