खोक्यातला नंदी

श्रावणाच्या अमावास्येला वऱ्हाडातील शेतकरी आपल्या बैलांची पूजा करतो, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, त्याच शेतकऱ्याचे लेकरू चाकांच्या लाकडी नंदीला घुंगरमाळ बांधून, दोरीने ओढीत मारुतीच्या देवळापाशी नेते. पहिला मोठा पोळा, दुसरा तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघुजीराजे (कारकीर्द १७८८ ते १८१६) यांनी मुलांच्या मनात बैलाविषयी आदर रुजावा म्हणून हा सण सुरू केला, असे परंपरा सांगते. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा आज दूरवर प्रसिद्ध आहे. पण अमरावती-अकोल्याच्या गल्लीबोळांतून भरणाऱ्या लहानशा पोळ्यांची गोडी त्याहून काही कमी नाही. बेगड लावलेली शिंगे, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग आणि पुढे छाती काढून चालणारा चार वर्षांचा धनी! हे दृश्य ज्याने पाहिले, त्याला सणाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

या आनंदात अलीकडे एक खडा लागू लागला आहे. त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

गेल्या वर्षी पोळ्याच्या चार दिवस आधी आम्ही नातवासाठी नंदी आणावा म्हणून अमरावतीच्या बाजारात गेलो. वर्षानुवर्षे ज्या सुतारकाकांकडून आम्ही नंदी घेतो, त्यांच्यापुढे दोन मोठे, महागडे नंदी तेवढे उरलेले. “भाऊ, लहान नंदी कालच एकानं सारेच्या सारे उचलून नेले,” काका म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. माल एकदम खपल्याचे समाधानच होते. घरी आल्यावर सुनेने मोबाईलवर शोध घेतला, तो तेच नंदी पुढे उभे! तीच शिंगांची ठेवण, तोच गेरूचा हात. बाजारात जो बाराशेला मिळाला असता, त्याची किंमत तेथे अठ्ठावीसशे, आणि खाली मजकूर : “पारंपरिक, दुर्मिळ, संग्राह्य. मोजकेच नग शिल्लक.” ज्या वस्तूची दुर्मिळता काल संध्याकाळीच निर्माण करण्यात आली, तिला ‘दुर्मिळ’ म्हणण्याचे हे धाडस पाहून आम्ही स्तिमित झालो.

आमच्या शेजारी भाड्याने राहणारे एक कुटुंब आहे. वडील रोजंदारीवर जातात. त्यांच्या मुलासाठी त्या बाराशेची तजवीज कशीबशी झालेली होती. अठ्ठावीसशेची होणे शक्य नव्हते. त्या मुलाने त्या वर्षी मातीचा बैल पाटावर ठेवून पाट ओढला. पोरगे हसत होते, पण आईच्या डोळ्यांकडे आमच्याने पाहवले नाही.

हा प्रकार नंदीपुरता किंवा वऱ्हाडापुरता आहे असे नव्हे. सणासुदीच्या तोंडावर मुलांच्या मनात भरलेले खेळणे मोठ्या संख्येने उचलावे आणि दुप्पट-तिप्पट दराने ऑनलाइन विकावे, हा आता जगभरचा उद्योग झाला आहे. चीनमधील पॉप मार्ट कंपनीची लाबूबू नावाची दात विचकणारी बाहुली सर्वांच्या ऐकिवात आहे. २०२५ च्या जून महिन्यात बीजिंग येथील एका लिलावात माणसाएवढी लाबूबू १० लाख ८० हजार युआनला गेली. त्याच महिन्यात कंपनीने नेहमीच्या बाहुल्यांचा पुरवठा वाढविला, आणि पुनर्विक्री करणाऱ्यांचे दर धडाधड कोसळले. त्यापूर्वी, १९९० नंतरच्या दशकात, अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या कापडी प्राण्यांनी असेच वेड लावले होते. पुढे भाव वाढतील या आशेने लोकांनी ती खेळणी पेट्यांत भरून ठेवली. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात एका विभक्त झालेल्या दाम्पत्याने जमिनीवर बसून या प्राण्यांची एकेक करून वाटणी केली, त्याचे छायाचित्र जगभर गाजले. भाव उतरल्यावर पेट्यांत उरल्या त्या नुसत्या चिंध्या. मुलांनी मात्र त्यांच्याशी खेळून घेतले नव्हते, ते नव्हतेच.

कोणी म्हणेल, यात अधर्म तो काय? घेणाऱ्याने पैसे मोजून घेतले, विकणाऱ्याने दर सांगून विकले, ज्याला परवडेल त्याने घ्यावे. शिवाय हा उद्योग करणारा बहुधा कोणी धनदांडगा नसतो. पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असलेला एखादा तरुण दिवाळीच्या खर्चापुरते चार पैसे मिळवू पाहत असतो. हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. मोबाईलमुळे आपल्या सुताराचे काम पुण्या-मुंबईच्या, किंबहुना परदेशी गेलेल्या वऱ्हाडी कुटुंबापर्यंत पोहोचू शकते, हा मोठाच लाभ आहे. जो तरुण नंदी नीट बांधून दूरच्या गावी पाठवितो, मोडलेले चाक बसवून देतो, घडविणाऱ्याचे नाव सांगतो आणि वाढीव दरातील वाटा त्याच्या हाती ठेवतो, त्याने नफा अवश्य घ्यावा. तो त्याच्या श्रमाचा मोबदला आहे. परंतु ज्याने वस्तूत काही घातले नाही, ती कोठे नेली नाही, केवळ दुसऱ्याच्या आधी पोहोचून फळी रिकामी केली, त्याने विकले तरी काय? त्याने लेकराची अधीरता विकली. सणाची तिथी पुढे ढकलता येत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच त्याचा दर चढतो. याला व्यापार म्हणावयाचे की अडवणूक?

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या परिचयाचे एक घर आहे. तीन पिढ्या वापरलेला सागवानी नंदी त्यांनी दोन वर्षांपूर्वी असाच ऑनलाइन विकला. मुलीच्या शिक्षणाचे शुल्क भरावयाचे होते. तो नंदी आता परप्रांतातील कोणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला उभा आहे. त्या विक्रीला आम्ही दोष देत नाही. वस्तू त्यांची, गरज खरी आणि सांगितलेले वयही खरे. देवघरातील हळद-कुंकू लावून, क्षमा मागून घरच्या आजींनी तो निरोपिला. गरजेपोटी आपली वस्तू विकणे निराळे, आणि दुसऱ्याची गरज ओळखून ती वस्तू अडवून ठेवणे निराळे, एवढाच भेद आम्हांस दाखवावयाचा आहे.

कायद्याचे काय, असे विचारले जाईल. कारखान्यात तयार होऊन खोक्यात येणाऱ्या खेळण्यावर किंमत छापलेली असते, आणि वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये त्या छापील किमतीहून अधिक दराने विक्री करण्यास मनाई आहे. तेव्हा परदेशी छोट्या मोटारगाड्या दुकानातून उचलून वाढीव दराने विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. साठेबाजीला आवर घालणारा १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदाही आहे. पण लेकराचे खेळणे त्याच्या यादीत बसत नाही. आणि सुताराने हाताने घडविलेल्या नंदीवर तर किंमतच छापलेली नसते. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे उरतो तो धर्म.

धर्माने व्यापाराला कधी हीन मानलेले नाही. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले, पिले वाढविली. आपल्याएवढा धर्म कोणी जाणला नाही, असा गर्व त्याला झाला, तेव्हा त्याला काशीच्या तुलाधाराकडे जाण्यास सांगण्यात आले. हा तुलाधार कोण? दुकान मांडून बसलेला एक वाणी! त्याची तराजू सर्वांना सारखी होती, कोणाच्याही अहितावर त्याचे पोट भरत नव्हते, हीच त्याची तपश्चर्या. आपले तुकोबाही वाणीच. दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. अडलेल्याकडून वसूल करण्याचा हक्क हाती असूनही त्यांनी तो सोडला, म्हणून आज आपण त्यांना संत म्हणतो.

आणि अडवणूक म्हणजे काय, हे वऱ्हाडाला कोणी शिकवावे? आपला कापूस दिवाळीच्या सुमारास घरात येतो. देणी उभी असतात, म्हणून मिळेल त्या भावाने तो बाहेर पडतो. ज्याच्याकडे गोदाम आणि थांबण्याची ऐपत, तो पुढे भाव चढला की विकतो. या कोंडीतून शेतकरी सुटावा म्हणूनच १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती. ती योजना पुढे मागे पडली, पण तिच्यामागचे दुःख आपल्या घराघरांत ठाऊक आहे. ज्या घरातील आजोबांनी व्यापाऱ्याच्या दारात कापसाची गाडी उभी करून दिवसभर भावाची वाट पाहिली, त्या घरातील नातवाने सुताराचे सारे नंदी उचलून शेजारच्या मुलाला ताटकळत ठेवावे, याहून विसंगत ते काय?

वस्तुतः तान्ह्या पोळ्याची सारी रचनाच या वृत्तीच्या विरुद्ध आहे. लेकरू नंदी घेऊन दारी येते, आपण त्याला ओवाळतो आणि त्याच्या हाती बोजारा ठेवतो. या सणात हात आखडता घेत नाहीत. नंदीचे मोल त्याच्या लाकडात नाही, तो किती दारी जाऊन आला यात आहे. ज्याची शिंगे थोडी झिजली आहेत, ज्याचे एक चाक दरवर्षी निखळते, ज्याच्या पाठीवर मागल्या वर्षीचे कुंकू अजून लागलेले आहे, तो खरा श्रीमंत नंदी. खोके न उघडता, धूळ न लागू देता, भाव चढण्याची वाट पाहत कपाटात उभा केलेला नंदी बाजाराच्या दृष्टीने कितीही मोलाचा असो. त्याने पोळा पाहिलेलाच नाही.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांस, आमची विनंती आहे. नंदी श्रावण लागताच सुताराकडे सांगून ठेवावा; म्हणजे त्यालाही लाकूड आणण्यास अवधी मिळतो आणि कोणाला फळी रिकामी करण्याची संधी राहत नाही. घरात जितकी लेकरे, तितकेच नंदी घ्यावेत. ‘मोजकेच शिल्लक’ असे वाचून घाबरून दुप्पट दर देऊ नये. घेणारा थांबला की असले दर फार दिवस टिकत नाहीत. मुले मोठी झाल्यावर कोठीत पडलेला जुना नंदी चाके बसवून, रंग देऊन एखाद्या गरजू लेकराच्या हाती द्यावा. आणि सुतारबांधवांसही सांगणे आहे की, सारा माल एकाच हाती देण्यापूर्वी दरवर्षी येणाऱ्या आजोबांची आठवण ठेवावी. एकगठ्ठा घेणारा पुढील वर्षी येईलच असे नाही. आजोबा, देवाने आयुष्य दिले तर, येतील.

घरातील तरुणाने हाच उद्योग आरंभिला असेल तर त्याला रागावू नये. त्याला जवळ बसवून एकच प्रश्न विचारावा : “बाळा, हा नंदी तू लपवून ठेवला नसतास, तर आज तो कोणाच्या हाती असता?” उत्तर त्याचे त्यालाच सापडेल.

यंदा आम्ही श्रावणाच्या पहिल्याच सोमवारी सुतारकाकांकडे जाऊन दोन नंदी सांगून आलो. एक आमच्या नातवासाठी. दुसरा कोणासाठी, ते वाचकांनी ओळखलेच असेल. प्रतिपदेच्या सायंकाळी दोघेही धनी आपापला नंदी ओढीत आमच्या दारी येतील, तेव्हा बोजारा दोघांनाही सारखाच मिळेल. तुलाधाराची तराजू आमच्या घरी नाही. पण त्या दिवसापुरती तरी ती हाती धरावी, एवढीच महादेवाच्या चरणी प्रार्थना.