राजकारणाचं आपल्याला काय पडलंय?

केली रायकार्ट या अमेरिकन दिग्दर्शिकेचा ‘द मास्टरमाइंड’ (२०२५) बघा. मात्र ‘धूम’ची अपेक्षा ठेवून बसलात तर अर्ध्या तासात उठाल. (पुढे शेवट सांगितलाय, आधी बघायचा असेल तर इथेच थांबा.)

साल १९७०, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य. जे. बी. मूनी हा बेकार सुतार. बाप न्यायाधीश. गावच्या म्युझियमचा पहारेकरी डुलक्या घेतो हे यानं हेरलेलं. आईला थाप मारून पैसे उकळतो, टुकार साथीदार जमवतो आणि भरदिवसा आर्थर डव्हची चार चित्रं पळवतो. त्यात नेमकी त्याच दिवशी पोरांच्या शाळेला सुट्टी! पुढे साथीदार सापडतो, याचं नाव सांगतो आणि हा बायको-पोरांना मागे टाकून पळ काढतो.

हसू येतं, पण फार वेळ टिकत नाही. त्याच राज्यात वुस्टरच्या म्युझियममध्ये १९७२ साली अशी चोरी खरोखर झाली होती. रेम्ब्रांट, पिकासो, गोगँची चित्रं गेली आणि पहारेकऱ्याला गोळी लागली.

मला खरा सिनेमा दिसला तो मागच्या टीव्हीत. तिथे सतत व्हिएतनाम युद्धाच्या बातम्या चालू आहेत. मूनीच्या वयाची पोरं मरतायत, विद्यार्थी रस्त्यावर आहेत. याला त्याचं काही नाही. दारात पोलीस आले की हा वडिलांचं पद सांगतो. आम्ही तालुक्याचे पत्रकार हे वाक्य पोलीस ठाण्यात नेहमी ऐकतो. ‘मला राजकारणात इंटरेस्ट नाही’ असं म्हणणाऱ्यांमध्येही ते सर्रास ऐकू येतं. ज्याच्या मागे कुणीतरी उभं आहे, त्यालाच असं अलिप्त राहणं परवडतं. किंमत आई, बायको, पोरं मोजतात.

शेवटी परक्या शहरात, पैसे संपलेले. मूनी एका म्हातारीची पर्स हिसकावतो आणि युद्धविरोधी मोर्चाच्या गर्दीत शिरतो. पोलीस मोर्चेकऱ्यांना उचलतात, त्यात हाही जातो. ज्या आंदोलनाकडे आयुष्यात ढुंकून पाहिलं नाही, त्याच्याच गाडीत!

पाणी, रस्ता, शाळा यांवरची ग्रामसभा सोडून घरी बसणाऱ्यांनी हा शेवट जरूर बघावा. तुम्ही राजकारणाकडे गेला नाहीत, तरी ते तुमच्याकडे येतंच. आणि तेव्हा बापाचं नाव सांगून भागत नाही.

तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणानं लिहा.