आरोग्य विज्ञानाचे ग्रंथालय आणि चवदार तळ्याचा धडा



नाशिकच्या म्हसरूळला, दिंडोरी रोडवर, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९९८ साली झाली. राज्यभरातली एमबीबीएस, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी शेकडो महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. आम्ही काम करतो त्या घोटी-इगतपुरी परिसरातल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांमधून आज मुली बी.एस्सी. नर्सिंगला जात आहेत, मुलगे फार्मसीला आणि बीएएमएसला जात आहेत. घरातली पहिलीच पिढी. प्रवेशाच्या काळात आपण सगळे त्यांच्यासाठी धावपळ करतो. जातीचा दाखला, जात पडताळणी, महाडीबीटीचा फॉर्म, हॉस्टेल, सगळे बघतो. पण एक प्रश्न आपण कधीच विचारत नाही. त्या कॉलेजच्या ग्रंथालयात काय आहे आणि आपल्या मुलांना ते वापरायला मिळते का?

आमच्या मते हा प्रश्न शिष्यवृत्तीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. आरक्षणाने जागा मिळते. त्या जागेवर बसून विद्यार्थी काय होतो, हे पुष्कळदा ग्रंथालय ठरवते. डॉक्टर बापाच्या मुलाला घरीच पुस्तके असतात, काकाचा लॉगिन असतो, इंग्रजी असते. घोटीच्या हमालाच्या किंवा भाताच्या गिरणीत राबणाऱ्याच्या मुलीला या सगळ्याच्या जागी एकच गोष्ट असू शकते, ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय.

आरोग्य विज्ञानाचे ग्रंथालय म्हणजे कपाटात लावलेली जाड पुस्तके, अशी आपली समजूत आहे. ती अपुरी आहे. अशा ग्रंथालयात आज मुख्य संपत्ती असते ती जर्नल्सची आणि डेटाबेसची. कोणते औषध खरोखर काम करते, कोणती तपासणी निरुपयोगी आहे, गरोदर बाईला काय द्यावे आणि काय देऊ नये, याचे ताजे पुरावे तिथे असतात. चांगल्या ग्रंथालयात ग्रंथपाल विद्यार्थ्याला शोध कसा घ्यायचा ते शिकवतो, आपल्याकडे नसलेला लेख दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतो, घरून वाचता यावे म्हणून लॉगिन देतो, प्रबंध दाखवतो. या सगळ्या सेवा आहेत आणि विद्यार्थी त्यासाठी फी भरतो. पण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींना आपल्या कॉलेजात असे काही मागता येते, हेच माहीत नसते. ग्रंथालय म्हणजे परीक्षेआधी दोन पुस्तके सहीने घ्यायची जागा, एवढीच त्यांना ओळख करून दिलेली असते.

आता पैशाचा हिशोब बघू. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स. ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक यांना लाभ. योजना चांगली आहे, आम्ही तिचे स्वागत करतो. पण ती मंजूर झाली ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी. महाराष्ट्रात नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथीची किती कॉलेजे सरकारी आहेत आणि किती खासगी, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आपली बहुतेक मुले खासगीत आहेत, कारण सरकारी जागा मोजक्या आहेत. म्हणजे योजनेचे नाव 'एक राष्ट्र', पण खासगी कॉलेजात शिकणारी आपली मुलगी त्या राष्ट्राच्या बाहेर. एएनएम, जीएनएम करणाऱ्या मुलींचा कारभार वेगळ्या मंडळाकडे, त्यामुळे त्या विद्यापीठाच्याही कक्षेत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स, पाड्यावर जाणारी आशा, आमच्यासारखे सामाजिक कार्यकर्ते, हे तर कोणत्याच यादीत नाहीत.

इथे आपल्याला महाड आठवले पाहिजे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याला त्यातले ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. पुढे कोर्टकज्जा झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले साधन सगळ्यांचे असते, हा त्या लढ्याचा मुद्दा होता. जनतेच्या ६,००० कोटींतून विकत घेतलेले ज्ञान हाही आजचा पाणवठाच आहे. तिथे जात विचारत नाहीत, हे खरे. संस्थेचे नाव विचारतात. पण त्या यादीबाहेर कोण राहते ते बघा, म्हणजे जातीचे उत्तर आपोआप मिळते.

दुसरी गोष्ट याहून टोचणारी आहे. हे ज्ञान पुष्कळदा आपल्याच शरीरातून तयार झालेले आहे. सिकलसेल हा आजार विदर्भातल्या आदिवासींमध्ये आणि पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यावर १९५० च्या दशकापासून संशोधन होत आले आहे. रक्ताचे नमुने आपल्या वस्त्यांमधून गेले. लेख इंग्रजीत छापले गेले, लेखकांना बढत्या मिळाल्या. ज्या बाईने मुलाचे बोट पुढे केले, तिच्या हातात त्यातले काय परत आले? गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध जर्नलमध्ये आला. २०११ पासून देशभरातल्या आशा घरोघरी जाऊन हेच काम करतात. आपण रोज जे करतो त्याचा पुरावा खेड्यातल्या बायांनीच उभा केला, हे किती आशांना कुणी सांगितले आहे?

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, सामान्य माणसाला वैद्यकीय जर्नल कशाला हवे, अर्धवट ज्ञान धोक्याचे असते. अर्धवट ज्ञान धोक्याचे असते हे आम्हालाही मान्य आहे. म्हणूनच पूर्ण ज्ञान मागतो आहोत! व्हॉट्सॲपवरचे काढे आणि गावोगावचे बाबा-बुवा बिनदिक्कत खुले आहेत, तपासलेला पुरावा मात्र कुलपात. आणि वाचण्याचा अधिकार कुणाला, कुणाला नाही, ही भाषा आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षे ऐकली आहे. आपल्याला ती नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, म्हणजे परदेशी प्रकाशक सगळ्या देशाला कसे खुले करतील? तर हे आधी झालेले आहे. उपचारांचे पुरावे तपासून मांडणारी 'कॉक्रेन लायब्ररी' भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ साली सबंध देशासाठी विकत घेतली. भारतात इंटरनेट असलेला कुणीही ती वाचू शकत होता, कॉलेजचे ओळखपत्र लागत नव्हते. शिवाय जगातल्या अनेक विद्यापीठांच्या करारांत, बाहेरून येऊन ग्रंथालयात बसून वाचणाऱ्या नागरिकासाठी तरतूद असते. म्हणजे वाट आहे. मागणी करणारा पाहिजे.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम ग्रंथ वापरासाठी असतात हा, आणि दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा हा. आम्ही वेगळे काही मागत नाही. आमच्या मागण्या अशा :

१. आरोग्य विज्ञानाच्या संलग्न खासगी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना, निदान शिष्यवृत्तीधारक अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना, या जर्नल्सचा लॉगिन मिळावा.

२. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि तालुक्याच्या ठिकाणची अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये येथे वाचनाची सोय व्हावी. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. घोटीसारख्या गावात एक संगणक आणि एक शिकवलेला ग्रंथपाल एवढ्याने सुरुवात होते.

३. आपल्या भागातल्या आजारांवरील संशोधनाचे सोप्या मराठीत सारांश प्रसिद्ध व्हावेत. ज्यांचे रक्त घेतले त्यांना निष्कर्ष कळलेच पाहिजेत.

आणि मागणी पूर्ण होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. जे आज खुले आहे ते तरी आपण वापरतो का? अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे 'पबमेड' १९९७ पासून जगाला मोफत आहे. त्यात कोट्यवधी लेखांचे सारांश आहेत. 'पबमेड सेंट्रल'वर पूर्ण लेख फुकट वाचता येतात. 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी ही कित्येक वर्षे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा भाग होती, दोन विद्यार्थ्यांमागे पुस्तकांचा एक संच. त्या संचांचे तुमच्या कॉलेजात काय झाले, हे जाऊन विचारा. सरकारी कॉलेज असेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात विचारा : ग्रंथालयावर किती खर्च झाला, कोणती जर्नल्स घेतली, किती विद्यार्थ्यांना लॉगिन दिला.

आपल्या गावोगावच्या बुद्धविहारांत आता अभ्यासिका उभ्या राहत आहेत. तिथे स्पर्धा परीक्षेची पुस्तके असतात, ती हवीतच. त्याच्या शेजारी एक संगणक ठेवा. नर्सिंगला गेलेल्या ताईला महिन्यातून एक रविवार बोलवा आणि पबमेडवर शोध कसा घ्यायचा ते बारावीच्या मुलांना शिकवायला सांगा. वस्तीतल्या आशाताईंनाही बोलवा. एनिमिया, क्षयरोग, सिकलसेल, कोणताही एक विषय घ्या, एक लेख शोधा आणि त्याचे मराठीत वाचन करा.

राजगृह बांधताना ज्यांनी आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, त्या बाबासाहेबांची आपण लेकरे आहोत. जयंतीला आपण डीजेवर किती खर्च करतो हे आपल्याला माहीत आहे. त्यातला एक हिस्सा यंदा या संगणकासाठी काढा, आणि आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य शाखेच्या विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारा : तुझ्या ग्रंथालयाचा लॉगिन तुझ्याकडे आहे का? उत्तर 'नाही' आले, तर पुढचा अर्ज कुणाला लिहायचा ते एकत्र बसून ठरवू.

जयभीम! नमो बुद्धाय!