कागदावरचा एक आकडा

मैत्रिणींनो, रक्ताच्या जुनाट कर्करोगासाठी, म्हणजे ‘सीएमएल’साठी, मी चार वर्षं इमॅटिनिबची गोळी घेते आहे. दर तीन महिन्यांनी ‘बीसीआर-एबीएल’ तपासणी होते. आकडा ०.१ टक्क्याच्या आत असला की डॉक्टर समाधानी.

परवा कागद हाती आला : ०.४! वह्या तपासायच्या राहिल्या, आमटी करपली. गोळी आता लागू पडत नाही, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, “गोळ्या चुकल्या का?” मी गप्प. श्रावणातले उपास! ही गोळी जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची. उपाशीपोटी मळमळतं, म्हणून सोमवारी-शनिवारी मी ती गाळली होती. घरात बोललेही नव्हते.

एका आकड्यावरून निकाल लावायचा नसतो. त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासायचं. तरी वाढलाच, तर दुसऱ्या गोळ्याही आहेत.

तेव्हा रिपोर्ट बिघडला तर आधी चुकलेल्या गोळ्या मोजा, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. मी आता कॅलेंडरवर रोज खूण करते.

पुढची तपासणी दिवाळीनंतर. धाकधूक आहेच. पण परवाच्या चतुर्थीला सासूबाईंनीच ताट वाढलं : “तुझा उपास मी करते. तू जेव, नि गोळी घे.”