गिनेसचा गोडबोले आणि परकायाप्रवेशाची भूल

अॅलेक गिनेस (१९१४-२०००) या ब्रिटिश चरित्र-अभिनेत्याचे नाव निघाले की 'परकायाप्रवेश' हा शब्द ठरल्याप्रमाणे येतो. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये (१९४९) एकाच उमराव घराण्यातील आठ व्यक्ती त्यांनी रंगविल्या. त्यावरून हा नट कोणत्याही कायेत शिरू शकतो, असा निष्कर्ष काढला जातो. आम्हाला हे कौतुक आळशी वाटते. आणि मराठी वाचकाने तरी ते निमूटपणे स्वीकारू नये.

कारण प्रा. नारायण गोडबोले. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास (थोरली पाती) या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते. तिथली गोकुळाष्टमी 'अ पॅसेज टु इंडिया'च्या (१९२४) अखेरच्या भागात उतरली आहे. तिथे हा दख्खनी ब्राह्मण तुकारामांच्या नावाचा गजर करीत नाचतो, प्रेमाच्या भरात मिसेस मूरबरोबर गांधीलमाशीलाही कवेत घेतो, आणि दगडापाशी अडतो. डेव्हिड लीनच्या चित्रपटात (१९८४) उरतो तो गूढ बोलणारा, किंचित हास्यास्पद म्हातारा. आणि तो सत्तरीतल्या गिनेस यांनी रंग फासून केला. अझीझ व्हिक्टर बॅनर्जी, हमीदुल्ला सईद जाफरी. मग गोडबोलेच इंग्रज का? मराठी नट ठाऊक नव्हता म्हणावे, तर दोनच वर्षांपूर्वी 'गांधी'मध्ये डॉ. श्रीराम लागू गोपाळ कृष्ण गोखले झाले होते.

अभिनय म्हणजेच दुसरे होणे, असा प्रतिवाद होईल. तत्त्व मान्य, पण हा प्रवेश दुतर्फा होता काय? गिनेस फॅगिन (१९४८) झाले, जपानी उद्योगपती (१९६१) झाले, अरब राजपुत्र फैसल (१९६२) झाले. फॅगिनच्या रूपावर ज्यू संघटनांनी आक्षेप घेतल्याने तो चित्रपट अमेरिकेत १९५१ मध्ये, तोही कापून, दाखविला गेला. उलट दिशेने इंग्रज उमराव होण्याचे आमंत्रण भारतीय नटाला कोण देत होते? एकाच बाजूने उघडणाऱ्या दाराला आपण कलेचे स्वातंत्र्य म्हणतो.

हाच निकष आपल्या घरीही लावावा लागेल. बालगंधर्वांची स्त्रीभूमिका थोर होती. तेव्हा कुलीन स्त्रीला रंगभूमी बंद होती, हेही तितकेच खरे. पहिले वाक्य शिकवून दुसरे गाळणे हा अध्यापनाचा अप्रामाणिकपणा आहे.

गिनेस यांना लहान करण्याचा आमचा हेतू नाही. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला (१९५७) कर्नल निकल्सन आणि बीबीसीवरचा (१९७९, १९८२) जॉर्ज स्मायली पाहावेत. शिस्तीच्या आड स्वतःलाच फसविणारा इंग्रज त्यांनी आतून ओळखला होता. त्यासाठी त्यांना परकी कातडी लागली नाही. गोडबोलेत मात्र काया पांघरलेली दिसते, प्रवेश घडत नाही. वर्गात 'परकायाप्रवेश' हा शब्द उच्चारताना ती काया कोणाची, आणि तिला कोणी विचारले होते काय, एवढे दोन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.