खालची झडप बंद, वरची उघडी

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने तिगावला जाण्याचा योग आला. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरचे हे गाव मध्य प्रदेशात, २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात येते. राज्य हिंदी, पण घराघरांत मराठीच बोलतात. सगळा संत्र्यांचा मुलूख.

आम्ही उतरलो होतो ते घर रस्त्याला अगदी लागून होते. मोटारसायकली, बैलगाड्या, शाळेची पोरे, सगळे खिडकीपासून हातभर अंतरावरून जाणार. तरी घरातल्या आजी भर दुपारी आतल्या खोलीत पोथी वाचत बसलेल्या. दिवा नाही, पडदाही नाही. खिडकीला लाकडी पल्ले चार, दोन खाली आणि दोन वर. खालचे लावलेले, वरचे उघडे. मी विचारले, "आजी, रस्त्यावरच्या लोकांना आत दिसत नाही का?" त्या म्हणाल्या, "त्याइले मी दिसत नाही, अन् मले आभाय दिसते."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी फोंड्याला परत आलो, आणि आमच्याच फ्लॅटची मला लाज वाटली.

आमच्या दिवाणखान्याला सहा फूट रुंद, सरकत्या काचांची ॲल्युमिनियमची खिडकी आहे. समोरची इमारत इतकी जवळ, की त्यांच्या टीव्हीवर कोणती मालिका चालू आहे ते इथून कळते. म्हणून आई सकाळी उठल्याबरोबर पडदा ओढते आणि अकरा वाजता ट्यूब लावून तांदूळ निवडायला बसते. बाहेर गोव्याचे लख्ख ऊन! पैसे भरून आपण काच घेतली, मग पैसे भरून ती झाकली, आणि आता उजेडासाठी विजेचे बिल भरतो. याला आधुनिक घर म्हणायचे का?

वाचकहो, पडद्याचा मूळ दोष असा, की तो वरून लोंबतो. म्हणजे आधी आभाळ झाकतो, मग शेजारी. खोलीच्या आतल्या भिंतीशी उभे राहून एकदा खिडकीकडे बघा. खालच्या अर्ध्या भागातून दिसते समोरची भिंत, रस्ता, माणसे. आभाळाचा तुकडा दिसला तर तो वरच्या भागातूनच. आणि खोलीत खोलवर जाणारा उजेड येतो तो त्या तुकड्यातून. खिडकीचा माथा जितका उंच, तितका उजेड आत पोचतो; साधारण माथ्याच्या उंचीच्या दीड-दोन पट. म्हणजे खाजगीपणा खाली हवा आणि उजेड वर हवा. झडप मधोमध विभागली की दोन्ही मिळतात. हे कळायला आर्किटेक्ट लागत नाही, तिगावची आजी पुरते.

आणि हे काही एकट्या तिगावचे शहाणपण नव्हे. सतराव्या शतकातल्या हॉलंडमधल्या खिडक्या पाहा: वर पक्की काच, खाली लाकडी झडपा. आपल्या गोव्यात काच दुर्मिळ होती, तेव्हा कारागिरांनी पातळ, दुधी शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवून जनेलां केली. उजेड आत येई, नजर बाहेर थांबे. आज चिखलीच्या खाडीतल्या त्या शिंपल्यांना वाचवायची वेळ आली आहे, तेव्हा ते पुन्हा खिडकीत लावा असे मी म्हणत नाही. पण त्यामागचा विचार तरी वाचवा! आपण काय केले? जुन्या जनेलांचे फोटो काढून रिसॉर्टच्या भिंतीवर टांगले.

कोणी म्हणेल, राष्ट्रीय इमारत संहिता आहे ना? आहे. उष्ण-दमट हवेच्या प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश असावे, असे ती सांगते. पण नियम खिडकी मोजतो, पडदा मोजत नाही. कागदावर उजेड भरपूर, घरात काळोख.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अर्धी झडप म्हणजे बायकांना आत कोंडण्याची जुनी सोय, असे एका मैत्रिणीने सुनावले. तसा वापर झाला नसेल असे मी म्हणणार नाही. पण कडी आतून असते, आणि ती कोणाच्या हातात आहे हा खरा प्रश्न. दिवसभर ओढलेल्या पडद्यामागे माझी आई जास्त कोंडलेली आहे. तिला तर आभाळही दिसत नाही.

अडचणी आहेत, त्याही सांगतो. समोरची गॅलरी आपल्यापेक्षा उंचावर असेल तर नजर वरून आत येते; तिथे वरच्या झडपेला तिरक्या पट्ट्या लागतील. आपल्या पावसात वरची झडप नुसती उघडी ठेवून चालणार नाही. तिला काच हवी आणि वर रुंद छज्जा हवा. माप मात्र सोपे आहे. खिडकीचा तळ जमिनीपासून तीन फुटांवर, माथा सात फुटांवर असेल, तर खालची झडप दोन फुटांची करा. तिचा काठ पाच फुटांवर येतो. त्यात घराचे जोते दीड फूट असले की रस्त्यावरून तो साडेसहा फूट होतो. तेवढा उंच वाटसरू क्वचितच भेटेल.

मी हे सगळे आमच्या कंत्राटदाराला सांगितले. तो हसला, म्हणाला, "सर, आजकाल असे कोणी करत नाही." आजकाल कोणी करत नाही म्हणूनच तर भर दुपारी सगळ्यांच्या घरी ट्यूब पेटलेल्या आहेत, बाबा!

शेवटी एका म्हाताऱ्या सुताराला गाठले. पुढच्या आठवड्यात तो माप घ्यायला येणार आहे. आईने आत्ताच विचारले आहे, "मग मी तांदूळ खिडकीशी बसून निवडू ना?"